आठवं फंक्शन

हेडरबुवांना सातावर आठवं फंक्शन खपत नसे, आणि या एकाच गोष्टीवरून ऑफिसात त्यांची अर्ध्या लोकांशी जुंपायची. हेडरबुवा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. सी भाषेत लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रामात वापरायचं तयार साहित्य, लिहिणारे लोक एक हेडर फाइल करतात. कोणतं फंक्शन, म्हणजे एकच ठरलेलं काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, काय घेईल आणि काय परत देईल याची ती यादी. बाकीचे आधी काम करतात आणि यादी मागाहून उरकतात. हे गृहस्थ आधी यादी लिहीत, महिना महिना ती घासूनपुसून लख्ख करत आणि मगच आतल्या कामाला हात घालत. नाव चिकटायला एवढं पुरेसं होतं.

या खेपेची लायब्ररी संदेश पोचवण्याची होती. एका कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामने दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामला संदेश पाठवायचा, एवढंच काम. पण असल्या जुन्या लायब्रऱ्यांत शंभर-सव्वाशे फंक्शनं असतात आणि ती शिकता शिकता नव्या माणसाच्या नाकी नऊ येतात. बुवांनी सात ठेवली. सॉकेट, म्हणजे संदेशांच्या ये-जा करण्याचं दार, उघडा, पत्त्यावर बसवा, दुसऱ्या पत्त्याशी जोडा, संदेश पाठवा, संदेश घ्या, सेटिंग बदला, सॉकेट बंद करा. सगळी यादी एका पानात मावायची. ते पान छापून बुवांनी टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवलं होतं आणि नवं घर दाखवावं तसं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत.

चाचणी विभागातल्या बाईंना मात्र ते पान बघून कधी गहिवरून आलं नाही. त्यांना सगळे शंकाताई म्हणत. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, हातात कायम एक वही. त्या वहीत एखाद्याच्या प्रोग्रामचं नाव गेलं की त्याची संध्याकाळ गेली असं समजायचं.

"पाठवलेला संदेश परत घ्यायचा असेल तर?" त्यांनी एका सकाळी विचारलं.

"घ्यायचा नाही."

"पण चुकून गेला तर?"

"ताई, सेंड यशस्वी झालं की संदेश तुमचा राहत नाही. तो लायब्ररीचा, आणि तिकडे पोचला की घेणाऱ्याचा. तुम्ही त्याला हातसुद्धा लावायचा नाही. नियम इतका साधा आहे म्हणून तर कुणी चुकत नाही."

"आणि पलीकडे कोणी नसलंच?"

"तरी कनेक्ट, म्हणजे जोडणी, यशस्वी. येणारा येईल तेव्हा येईल. तोवर संदेश रांगेत थांबतील. ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने उचलले जातील, मागचा पुढे जाणार नाही."

"कोणी कधीच आलं नाही तर?"

"तर सॉकेट बंद होणार नाही, क्लोज वाट बघेल."

"किती वेळ?"

"लागेल तितका."

शंकाताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "एक परत घ्यायचं फंक्शन द्या हो. आठवं. मी दुसरं काही मागणार नाही."

"सात म्हणजे सात," बुवा म्हणाले, आणि भिंतीवरच्या पानाकडे बघून हसले.

वाट बघण्याची चाचणी ठरली ती या बोलण्यातूनच. चाचणीच्या खोलीत तीन जुनी यंत्रं होती. त्यातल्या तिसऱ्याची वीज बंद करून, नेटवर्कची केबल काढून, त्याच्या पत्त्यावर पाच संदेश पाठवायचे आणि सॉकेट बंद करायला सांगायचं. बुवांच्या म्हणण्याप्रमाणे क्लोज तिथेच थांबून राहायला हवं. पलीकडच्या प्रोग्रामने संदेश खरोखर उचलला तरच पोच यायची आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, एक ओळ उमटायची. यंत्र बंद, म्हणजे ओळ उमटायचं कारण नव्हतं.

"संदेश पाचही वेगळे ठेवा," शंकाताईंनी बजावलं. "सगळीकडे 'चाचणी, चाचणी' लिहून ठेवता, मग क्रम चुकला तरी कळत नाही."

*

बुवांनी ती फाइल रविवारी घरी, जेवायच्या टेबलावर बसून लिहिली. पाच वेगळे शब्द हवे होते आणि डोकं चालवायचा कंटाळा आला होता, म्हणून खोलीत नजर फिरली तसतसं त्यांनी लिहीत नेलं.

पहिली ओळ, निळी बाटली. ती खिडकीत असे. तिच्यात एक वेल वाढवलेली होती आणि बुवांची बायको रोज सकाळी आपल्या ग्लासातलं उरलेलं पाणी तिच्यात ओतून मगच दवाखान्याला निघे. बायको दातांची डॉक्टर होती.

दुसरी, सासऱ्यांचं घड्याळ. दाराच्या वर टांगलेलं, सात मिनिटं पुढे. ते दुरुस्त करायचं कुणाच्या मनात आलं नाही. घरातल्या तिघांनाही मनातल्या मनात सात वजा करायची सवय होऊन गेली होती.

तिसरी, पिवळी छत्री. दारामागच्या खुंटीला लटकलेली, मनात आलं की आपोआप उघडणारी.

चौथी, सायब. हा तांबडा बोका. त्याचा उजवा कान फाटका होता आणि ऐट अशी, की भाडं तोच भरतो. त्याला कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवताना त्याने बुवांच्या मनगटावर नखांच्या चांगल्या तीन रेघा ओढल्या.

"काय लिहितोयस, बाबा?" मुलगी खुर्चीच्या पाठीवर चढून विचारत होती. सात वर्षांची. जन्मल्यापासून एका जागी स्थिर बसली नव्हती म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत.

"संदेश."

"कोणाला?"

"कोणालाच नाही. गंमत म्हणून."

"मग माझं पण नाव टाक ना."

"तूच टाक."

तिने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, स्वतःचं नाव लिहिलं. भिंगरी. मग तिने एंटर दाबलं आणि पुन्हा पळाली. पाच झाले. बुवांनी फाइल जतन केली आणि तिची सुटलेली वेणी घालायला तिला हाक मारली. वेण्या घालणं हे त्यांचं खातं होतं. बायको लवकर निघायची, त्यामुळे पहिलीपासून ते काम बुवांकडे आलं होतं आणि ते त्यांनी हेडर फाइलीइतकंच मनावर घेतलं होतं. दोन वेण्या, घट्ट, पेड एकसारखे. दुसरं रबर पहिली वेणी होईपर्यंत त्यांच्या मनगटावर असायचं.

*

सोमवारी चाचणी सुरू झाली. पाच पाठवले, क्लोज थांबलं. बुवा खूश होते.

मंगळवारी सकाळी लॉगमध्ये एक ओळ होती. संदेश एक, पोचला.

बुवा चाचणीच्या खोलीत गेले. तिसऱ्या यंत्राचा दिवा विझलेलाच. केबल टेबलावर गुंडाळून ठेवलेली, तिचं पारदर्शक टोक धुळीत टेकलेलं. त्यांनी फाइल उघडून पहिली ओळ वाचली. निळी बाटली. कसली निळी बाटली ते काही त्यांना आठवेना. सुचेल ते खरडलं असणार, असं म्हणून त्यांनी दोष शोधायला घेतला आणि दिवसभर तो सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको हातात ग्लास घेऊन खिडकीशी उभी होती. बराच वेळ. ग्लासात चार घोट पाणी होतं.

"काय बघतेस?"

"काही नाही." तिने खिडकीच्या कट्ट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. मग ते पाणी तिने स्वतः पिऊन टाकलं.

गुरुवारी दुसरी ओळ उमटली. त्या दिवसापासून भिंगरीची शाळेची बस चुकायला लागली. मोबाइलमध्ये आठ वाजून पाच झालेले दिसायचे आणि बुवा न कळत सात वजा करायचे, बायकोही करायची, भिंगरी तर मोठ्याने करायची. अजून वेळ आहे असं तिघांचंही एकमत व्हायचं आणि तिघंही दाराच्या वरच्या कोऱ्या भिंतीकडे बघायची. सलग दोन दिवस बुवांनी तिला चालत शाळेत सोडलं. फाइलीत दुसरी ओळ होती, सासऱ्यांचं घड्याळ.

"तुझ्या बाबांचं घड्याळ आहे का गं आपल्याकडे?"

"बाबांचं? नाही रे. का?"

"सहजच."

तिसरी ओळ पुढच्या सोमवारी आली. त्या सकाळी पाऊस पडत होता. बायकोने बाहेर पडताना दारामागे हात घातला, खुंटी चाचपली, रिकामा हात बाहेर काढून त्याच्याकडे बघितलं आणि तशीच भिजत गेली.

बुवा शंकाताईंकडे गेले. दोष सापडत नाही हे कबूल करायला त्यांना जड गेलं, पण त्यांनी केलं. शंकाताईंनी लॉग दोनदा वाचला, मग स्क्रू काढायचं हत्यार घेऊन त्या सरळ चाचणीच्या खोलीत गेल्या आणि तिसऱ्या यंत्राचं झाकण उघडलं. आत डिस्क नव्हती. मेमरीची पट्टीही नव्हती. उन्हाळ्यात कुणीतरी ती दुसऱ्या यंत्रासाठी काढून नेली होती. नुसतं पत्र्याचं खोकं होतं ते, तळाशी दोन स्क्रू पडलेले.

"इथे काही पोचूच शकत नाही," शंकाताई म्हणाल्या.

"पोच येतेय."

"मग कुणीतरी रिसीव्ह म्हणतंय." एवढं बोलून त्यांनी हत्यार खिशात टाकलं आणि त्या निघाल्या. शंका न काढता निघालेल्या शंकाताई ऑफिसात कुणी पाहिल्या नव्हत्या.

*

बुवा हिशेबी डोक्याचा माणूस. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता आणि आजही ते ठेवायला तयार नव्हते. मंगळवारी दुपारी, डबा खायचा ठेवून, त्यांनी पाच ओळी कागदावर उतरवल्या आणि ज्या गोष्टी आपण ओळखतो त्यांच्यापुढे खूण केली. सायबपुढे खूण झाली. भिंगरीपुढे झाली. वरच्या तिन्हींपुढे होईना. जे पोचलं होतं ते सगळं अनोळखी होतं आणि जे पोचायचं होतं ते ओळखीचं. हे त्यांनी चार वेळा तपासलं. मग त्याच कागदाच्या मागे लिहिलं, सायब म्हणजे आमचा बोका, तांबडा, उजवा कान फाटका, काल रात्री माझ्या पायाशी झोपला होता. कागद खिशात ठेवला.

बुधवारी चौथी ओळ आली. बुवांनी खिशातला कागद काढून वाचला. अक्षर त्यांचंच होतं. त्यांना कोणताही बोका आठवत नव्हता.

ते तडक घरी गेले. बायकोचा दुपारचा दवाखाना बंद होता, ती सोफ्यावर पडून वाचत होती.

"आपल्याकडे बोका आहे?"

"काय?"

"सायब नावाचा. तांबडा."

"आपण कधी काही पाळलंय का? तुला तर शिंका येतात." ती उठून बसली. "बरा आहेस ना तू?"

बुवांनी बाही वर केली. मनगटावर तीन रेघा होत्या, खपली धरलेल्या, एकमेकींना समांतर. बायकोने त्या पाहिल्या, आणि न कळत तिचा हात सोफ्याच्या कोपऱ्यात गेला, एका उबदार गोष्टीवरून फिरावा तसा हवेत फिरला आणि मांडीवर परत आला.

आतल्या खोलीत भिंगरी गाणं म्हणत होती. बुवा तिच्या दाराशी जाऊन उभे राहिले. एकच संदेश उरला होता.

*

गुरुवारी त्यांनी जे जे करता येईल ते केलं, आणि करता येण्यासारखं किती थोडं होतं ते त्यांना त्या दिवशी कळलं.

आधी त्यांनी चालू प्रोग्राम मारून टाकला. तो पुन्हा उभा राहिला; वीज गेली तरी रांग हरवू नये अशी सोय त्यांनीच करून ठेवली होती. मग त्यांनी डिस्कवरची रांगेची फाइल उघडली, तिच्यातली पाचवी नोंद पुसायला. फाइल रिकामी होती. पाचही संदेश पहिल्याच मंगळवारी एका दमात पलीकडे गेले होते. आता ते तिकडच्या रांगेत होते आणि तिकडचं कुणीतरी आपल्या सवडीने एकेक उचलत होतं. इकडे पुसायला काही नव्हतंच. तिकडे म्हणजे कुठे, ते शोधायला ते पुन्हा त्या पत्र्याच्या खोक्यापाशी जाऊन बसले. आत हात घालून त्यांनी तळ चाचपला. पत्रा गार होता. बोटांना धूळ लागली.

"परत घ्यायचं फंक्शन आता लिहितो," ते शंकाताईंना म्हणाले. "आत्ता लिहितो. तासाभरात होईल."

"ते इकडे चालेल," शंकाताई हळूच म्हणाल्या. "तिकडच्याकडे तुमची जुनीच लायब्ररी आहे. त्याला परत कर म्हटलेलं कळणार कसं?"

बुवांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"ताई, माझी मुलगी ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"भिंगरी? ठाऊक नसायला काय झालं? मागच्या महिन्यात आली तेव्हा माझ्या खुर्चीत बसून गरागरा फिरत होती. चाक ढिलं करून गेली." त्यांनी बुवांकडे नीट पाहिलं. "काय झालंय?"

बुवांनी सांगितलं. शंकाताईंनी सगळं ऐकून घेतलं. वही उघडली, पेन काढलं, आणि काही न लिहिता मिटली.

शेवटी बुवांनी त्याच सॉकेटवरून सहावा संदेश पाठवला. पाचवा परत पाठवा, कृपा करा. सेंडने यश कळवलं. आणि त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की मागचा पुढे जाणार नाही. कुणी त्यांची विनवणी वाचलीच, तर भिंगरीला उचलून झाल्यावर वाचणार होतं. ही हमी त्यांनी स्वतः लिहिली होती, पानावर तिसऱ्या परिच्छेदात, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

निघताना त्यांनी भिंतीवरच्या छापील पानावर, सात फंक्शनांच्या खाली, पेनाने लिहिलं. भिंगरी. माझी मुलगी. वय सात. डाव्या गालावर तीळ.

*

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली आणि भिंगरीलाही शाळेत पाठवलं नाही.

"दोघंही घरी? काय बेत आहे?" बायको म्हणाली.

"काही नाही. आज तिला माझ्याजवळ राहू दे. तूही जाऊ नकोस."

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. सकाळपासून ते तिच्याशी काहीबाही बोलत होते, बाटली, घड्याळ, कुणाचा तरी बोका, आणि ती मनातून घाबरली होती. पण कशाला घाबरावं ते तिला कळत नव्हतं. तिने दवाखान्यात फोन करून सकाळच्या वेळा पुढे ढकलल्या आणि चहा ठेवायला ती आत गेली.

बुवांनी भिंगरीचा हात धरून ठेवला. ती कंटाळली. त्यांनी तिला पाठीवर घेतलं, तिच्याशी पत्ते खेळले, तिला जिंकू दिलं. ती हलली की ते तिचा हात घट्ट धरायचे. खिडकीतून ऊन आलं होतं. खाली कुणीतरी लोखंडी दार ओढत होतं.

"बाबा, वेणी सुटली."

ते पलंगाच्या कडेला बसले आणि तिला समोर बसवून घेतलं. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता. त्यांनी भांग पाडला. डावीकडची वेणी घातली, रबर लावलं. दुसरं मनगटावर होतं. उजवीकडचे केस हातात घेतले, तीन पेड केले.

"घट्ट घाल हं."

"घालतो."

"काल शाळेत ना, बाई म्हणाल्या की ज्याला पोहता येतं त्याने हात वर करा. मला येत नाही ना, पण मी केला. मग बाई म्हणाल्या—"

बुवा पलंगाच्या कडेला बसले होते. दोन्ही हात समोर हवेत उचललेले, बोटं वाकलेली.

ऊन होतं. खाली लोखंडी दार बंद झालं.

बायको चहाचे दोन कप घेऊन दारात उभी होती.

"काय करतोयस?"

"काही नाही." त्यांनी हात खाली घेतले. हात अवघडले होते.

"रजा कशासाठी टाकलीस आज?"

बुवांनी आठवून पाहिलं. "जरा बरं वाटत नव्हतं. आता वाटतंय."

ती त्यांच्याशेजारी बसली. दोघांनी चहा घेतला. चहा झाल्यावर ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि थोडा वेळ तिथे दुधाच्या एका छोट्या पेल्यापुढे उभी राहिली. तो तिने भरून ठेवला होता. मग तिने तो सिंकमध्ये ओतला.

*

सोमवारी शंकाताई लॉग घेऊन बुवांच्या टेबलाशी आल्या.

"पोचले सगळे. पाच, आणि वर तुम्ही मागाहून टाकलेला एक. क्लोजने शून्य परत केलं."

शून्य म्हणजे सगळं सुरळीत. बुवांचा जीव भांड्यात पडला. तो टांगणीला कशासाठी लागला होता ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

"मागाहूनचा काय आहे?"

शंकाताईंनी वाचून दाखवलं. "'पाचवा परत पाठवा, कृपा करा.'"

"आणि पाचवा?"

"'भिंगरी.' खेळणं ना ते, लहान मुलांचं?"

"असेल. समोर दिसलं ते लिहिलं असणार."

शंकाताईंची नजर भिंतीवरच्या पानावर गेली. पेनाने लिहिलेल्या ओळी त्यांनी वाचल्या, मग चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. "हे अक्षर तुमचं आहे."

"माझंच दिसतंय," बुवा म्हणाले. त्यांनीही ते वाचलं. कुणाच्या तरी डाव्या गालावरचा तीळ. त्यांना उगाच वाईट वाटलं, अनोळखी माणसाच्या मृत्यूची बातमी वाचून वाटतं तेवढं. त्यांनी पान उतरवलं, नीट घडी करून कचऱ्याच्या टोपलीत टाकलं आणि नवं छापून आणून त्याच जागी चिकटवलं. सात फंक्शनं, एक पान. छान दिसत होतं.

"लायब्ररी प्रकाशित करायची तर मग?" शंकाताईंनी विचारलं. आपली खुर्ची ओढून आणून त्या बसल्या तेव्हा तिचं एक चाक ढिलं झाल्यासारखं डुगडुगलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि पुन्हा सरळ बसल्या.

"या आठवड्यातच. किती लोक वाट बघताहेत."

"आठवं फंक्शन घालायचं का, निदान आता?"

"कशाला? कुणाचं काही अडलंय का?"

 शंकाताई बुवांच्या हातांकडे बघत होत्या. चाचणीच्या खोलीतून काढून आणलेल्या तीन केबली टेबलावर पडल्या होत्या आणि बोलता बोलता बुवांनी त्यांची वेणी घातली होती. घट्ट, पेड एकसारखे. मनगटावरचं रबर काढून त्यांनी ते टोकाला दोनदा गुंडाळलं.

मग त्यांचा हात दुसरी वेणी घालायला उजवीकडे गेला, आणि तिथे काही नव्हतं म्हणून टेबलावर तसाच टेकून राहिला.